जत्रेच्या नाटकासारखी सिनेमाचीही एक रात्र असू द्या

पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या उत्सव समित्या, वाचनालयं, युवक मंडळं आणि महिला मंडळं चालवणाऱ्या सर्वांना,



माझं माहेर पेडणे तालुक्यात, सासर डिचोलीत. दोन्हीकडच्या गावांना एक गोष्ट शिकवावी लागत नाही, ती म्हणजे एकत्र बसून रात्र जागवणं. जत्रेचं नाटक म्हटलं की महिनाभर आधी तालमी सुरू होतात, वर्गणी निघते, मुंबईला नोकरीला असलेला पुतण्या रजा टाकून येतो आणि ज्याला एरवी दुकानातून मान वर करायला फुरसत नसते तो शिवाजी किंवा संभाजी म्हणून रंगमंचावर उभा राहतो. कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेत आपल्याकडची मंडळं उतरतात. धयकाल्याला म्हाताऱ्या बायका चटई आणि शाल घेऊन पुढची जागा धरतात आणि पहाटेपर्यंत हलत नाहीत. ज्या गावांना हे जमतं, ती गावं सिनेमा मात्र एकेकटी, आपापल्या फोनवर, कानात यंत्र घालून बघतात. याचं मला वाईट वाटतं, म्हणून हे पत्र.

मागणं साधं आहे. वर्षातून निदान चार रात्री तुमच्या गावात चांगला सिनेमा दाखवा. गावाने एकत्र बसून तो बघावा आणि नंतर त्यावर बोलावं. कोणता दाखवावा, हा प्रश्न तुम्ही विचाराल, तेव्हा माझ्या आवडीचे काही सिनेमे इथे सांगते. आवडत्या सिनेमांची यादी देणं सोपं असतं आणि ती कुणीही देतं. पण सिनेमा सुचवायचा तर तो कुणाला सुचवतोय हे आधी ठाऊक हवं. फोन आपल्याला रोज सिनेमे सुचवतो, कारण काल रात्री आपण काय पाहिलं ते त्याला कळतं. पण खाणी थांबल्यावर शेजारच्या घरासमोर 2012 पासून किती दिवस ट्रक उभा होता, कोणत्या वाड्यावरची माणसं विमानतळासाठी जमीन देऊन बसलीत, कुठल्या घरात म्हाताऱ्याला घेऊन बांबोळीच्या इस्पितळात खेपा चालू आहेत, हे त्याला कळत नाही. तुम्हाला कळतं. म्हणून सिनेमा निवडण्याचं काम तुम्ही करायला हवं.

पेडण्यापासून सुरुवात करते. 12 सप्टेंबर 2025 रोजी ‘दशावतार’ प्रदर्शित झाला. सुबोध खानोलकर यांचं दिग्दर्शन आणि बाबुली मेस्त्रीच्या भूमिकेत दिलीप प्रभावळकर. ऐंशी ओलांडलेला हा नट डोळ्यांची नजर मंदावलेला दशावतारी कलावंत करतो. त्याने आता काम थांबवावं म्हणून मुलगा मागे लागलेला, आणि गावाच्या रानावर खाणीचा डोळा. कथा सिंधुदुर्गातली, पण तेरेखोलच्या अलीकडे राहणाऱ्या माणसाला ती परकी वाटेल असं मला वाटत नाही. तुमच्यापैकी अनेकांनी तो म्हापशाला किंवा पणजीला जाऊन पाहिला असेल. तरीही मी तो गावात दाखवा म्हणते, कारण थिएटरात बाबुली रंग लावायला बसतो तेव्हा प्रेक्षक कौतुकाने बघतात, आणि आपल्या गावात तेच दृश्य बघणाऱ्यांत स्वतः रंग लावणारी माणसं बसलेली असतील. पेटारा उघडून आरशाचा तुकडा टेकवून आपला चेहरा आपणच रंगवणारा, लिहिलेली संहिता नसताना पखवाज आणि पेटीच्या आधाराने संवाद रचणारा, साडी नेसून बायकांनाही हेवा वाटावा असं चालणारा नट आपल्या ओळखीचा असतो. सकाळी तो शेतात किंवा एखाद्या कारखान्याच्या पाळीला गेलेला असतो. त्याला या सिनेमातलं काय खरं वाटलं आणि काय फिल्मी वाटलं, हे मला ऐकायचं आहे. माझं मत विचाराल तर उत्तरार्ध जरा जास्तच भडक आहे. पण प्रभावळकरांचे हात बघा. संवाद नसतानाही ते हात म्हाताऱ्या कलावंताचे आहेत.

हा सिनेमा पेडण्याचा तसा डिचोलीचाही आहे, कारण त्यात खाण आहे. खाणीबद्दल डिचोलीत बोलणं सोपं नाही, हे मी सासरी आल्यापासून बघते आहे. एकाच जेवणाच्या पंगतीत खाणीवर कुटुंब उभं राहिलेला माणूस असतो आणि खाणीमुळे शेतात लाल चिखल आलेला माणूसही असतो. शिरगावच्या विहिरी आटल्या त्या खाणींचे खंदक भूजलाच्या पातळीखाली गेल्यामुळे. दुसरीकडे सप्टेंबर 2012 मध्ये खाणी थांबल्या आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या, तेव्हा ज्यांनी कर्ज काढून ट्रक घेतले होते त्यांच्या घरांत काय झालं, तेही डिचोलीकरांना सांगायला नको. या दोन्ही माणसांना एका चटईवर बसवून दाखवावा असा एक सिनेमा माझ्याकडे आहे, आणि तो आपल्याकडचा नाही.

व्हित्तोरियो दे सिकाचा ‘बायसिकल थीव्हज’, 1948 सालचा, इटलीतला. युद्ध संपल्यावरचं रोम शहर. बेकार अंतोनियोला भिंतींवर पोस्टर चिकटवण्याची नोकरी मिळते, पण अट एकच, सायकल हवी. सायकल गहाण पडलेली. त्याची बायको मारिया पलंगावरच्या चादरी ओढून काढते आणि त्या गहाण ठेवून सायकल सोडवतात. गहाणवटीच्या दुकानातला माणूस ते गाठोडं घेऊन शिडीवरून वर चढतो, आणि कॅमेरा त्याच्याबरोबर वर जातो तेव्हा दिसतं की छतापर्यंत नुसती गाठोडीच गाठोडी रचलेली आहेत. एका घराची अडचण बघत असताना अख्ख्या शहराची दिसते. पहिल्याच दिवशी सायकल चोरीला जाते, आणि उरलेल्या सिनेमात बाप आणि त्याचा लहानगा मुलगा ब्रुनो ती शोधत फिरतात. शेवट सांगत नाही. ज्या घरात हप्त्याचा ट्रक दारात उभा राहिला होता, त्या घराला हा सिनेमा समजावून सांगावा लागणार नाही. 1952 साली भारतातल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो दाखवला गेला आणि त्याच्या प्रभावातून बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ आला. तो 1953 चा. पहिला दाखवलात तर पुढच्या वेळी दुसरा दाखवा. त्यात जमीन आहे, गिरणी काढायला निघालेला जमीनदार आहे, आणि शहरात हातरिक्षा ओढणारा शेतकरी बलराज साहनी आहे. मोपाच्या पठारावर विमानतळ आल्यानंतरच्या पेडण्याने तो सिनेमा पुन्हा बघावा असं मला मनापासून वाटतं. बाजूने किंवा विरोधात घोषणा देण्यासाठी नव्हे. जमीन सुटली की माणसाचं काय काय सुटतं, एवढं बघण्यासाठी.

आता आपल्या गोव्याचा. लक्ष्मीकांत शेटगावकर यांचा ‘पलतडचो मनीस’ 2009 साली आला, टोरंटोच्या महोत्सवात त्याला समीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा पुरस्कार मिळाला आणि राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट कोंकणी चित्रपट ठरला. महाबळेश्वर सैल यांच्या ‘अदृष्ट’ या कादंबरीवरून केलेला. बायको वारलेला एक वनरक्षक घाटातल्या रानात एकटा राहतो. एक दिवस त्याला भ्रमिष्ट अवस्थेतली बाई सापडते. तो तिला खाऊ घालतो, घरात घेतो, आणि गाव बिथरतं. या सिनेमात कुणी मोठ्याने भाषण करत नाही. चित्तरंजन गिरी यांनी केलेला वनरक्षक आधी तिला हाकलतो, मग दारात अन्न ठेवतो, मग दार उघडं ठेवतो. एवढ्याशा पायऱ्यांनी माणूस माणसाकडे जातो. वीणा जामकरने ती बाई केली आहे आणि तिच्याकडे बोलण्यासारखं जवळजवळ काहीच नाही, तरी तिच्यावरून नजर हटत नाही. शेटगावकर आडनावाची घरं पेडण्यात कमी नाहीत, पण हा सिनेमा पाहिलेली घरं किती आहेत? गोव्याचा सिनेमा टोरंटोला पोचतो आणि मांद्र्याला पोचत नाही, हे मला सहन होत नाही.

‘नाचूंया कुंपासार’ हा 2014 चा बार्डरॉय बार्रेटो यांचा सिनेमा तुमच्यातल्या काहींनी पाहिला असेल. लोर्ना आणि क्रिस पेरी यांच्या गाण्यांवर उभी राहिलेली गोष्ट, पालोमी घोष आणि विजय मौर्य यांची कामं. हा सिनेमा गोव्यात सभागृहांतून लोकांनी तिकीट काढून पाहिला, म्हणजे थिएटर नसलं तरी चालतं हे आधीच सिद्ध झालेलं आहे. आपल्या भागात ही गाणी सासष्टीइतकी घरोघरी नसतील. म्हणूनच तो दाखवा. गोव्याच्या एका टोकाला दुसऱ्या टोकाचं गाणं ऐकू यायला हवं.

‘श्वास’ बघा, तो आधी पाहिलेला असला तरी. संदीप सावंत यांचा 2004 सालचा हा सिनेमा म्हणजे कोकणातला आजोबा नातवाला डोळ्यांच्या कर्करोगासाठी शहरात घेऊन येतो त्याची गोष्ट. शस्त्रक्रियेने जीव वाचणार, दृष्टी जाणार. शस्त्रक्रियेच्या आधी आजोबा पोराला दवाखान्यातून बाहेर काढतो, जग दाखवायला. अरुण नलावडे यांचा आजोबा इस्पितळाच्या व्हरांड्यात ज्या पद्धतीने उभा असतो, हातात कागद, समोरून जाणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या कोटाकडे आशेने बघत, तसा माणूस बांबोळीच्या गोमेकॉत कुठल्याही सकाळी दिसतो. पेडण्याचा, डिचोलीचा, सीमेपलीकडून दोडामार्ग-सावंतवाडीहून आलेला. हा सिनेमा रडवतो म्हणून नव्हे, आजारी माणसाबरोबर जाणाऱ्याच्या वाट्याला काय येतं ते इतक्या बारकाईने क्वचितच दाखवलं गेलंय, म्हणून मला तो प्रिय आहे.

वयात येणाऱ्या मुलांसाठी अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’. बर्लिनला 2014 मध्ये मुलांच्या परीक्षक मंडळाने त्याला क्रिस्टल बेअर दिलं. वडील गेलेला चिन्मय, बदली होऊन कोकणात आलेली त्याची आई, नवी शाळा, नवे मित्र. मुलं सायकली घेऊन किल्ल्यावर जातात, पाऊस कोसळतो, बाकीची निघून जातात आणि तो एकटा मागे राहतो. तेव्हाची त्याची भीती नुसती अंधाराची नाही. तेरेखोलच्या किल्ल्यावर सहल घेऊन जाणाऱ्या शाळांनी सहलीच्या आदल्या दिवशी हा दाखवावा, आणि दुसऱ्या दिवशी मुलांना काही विचारू नये. उमेश कुलकर्णींचा ‘विहीर’ त्याहून अवघड आहे, मोठ्या मुलांसाठी ठेवा.

त्याहून लहान मुलांसाठी माझी निवड इराणची आहे. अब्बास किआरोस्तामीचा 1987 चा सिनेमा, इंग्रजीत त्याला ‘व्हेअर इज द फ्रेंड्स होम’ म्हणतात. अहमदच्या दप्तरात चुकून बाकावरच्या मित्राची वही येते. वहीत अभ्यास केला नाही तर मास्तर मित्राला शाळेतून काढणार. अहमद ती वही घेऊन शेजारच्या गावी घर शोधत धावतो. एवढीच गोष्ट. मोठी माणसं वाटेत त्याला अडवतात, कामं सांगतात, त्याचं ऐकतच नाहीत. इब्रामपूर किंवा चांदेलच्या पोराला हे गाव आपलंच वाटेल. ‘पण ती मुलं फारसी बोलतात,’ असं कुणी म्हणेल. त्यावर उपाय सोपा आहे. विर्नोड्याच्या महाविद्यालयातला किंवा डिचोलीच्या झांट्ये महाविद्यालयातला, आवाज चांगला असलेला एखादा विद्यार्थी माईकवर बसवा आणि त्याला खालची इंग्रजी वाक्यं मराठीत किंवा कोंकणीत सांगत जाऊ दे. ‘बायसिकल थीव्हज’लाही हेच करा. तालमीची सवय असलेल्या आपल्या पोरांना हे सुरेख जमेल.

आता एक गोष्ट जरा ठासून सांगायची आहे. माझ्या यादीत नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ आहे आणि नितीन भास्कर यांचा कोंकणी ‘काजरो’ आहे. दुसरा प्रकाश पर्येकार यांच्या कथेवरचा, सर्वोत्कृष्ट कोंकणी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. दोन्ही जातीबद्दल आहेत. ‘फँड्री’तलं एक दृश्य तुम्हाला आठवत असेल. डुक्कर हाताशी आलेलं असतं, तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, जब्याच्या घरची माणसं आहेत तिथे ताठ उभी राहतात, आणि डुक्कर निघून जातं. हे सिनेमे गावात दाखवणं कुणाकुणाला अडचणीचं वाटेल. तरी दाखवा. आणि दाखवताना जागा विचारपूर्वक निवडा. देवळाच्या मंडपात, मांडावर, कोण कुठे बसतं याचे नियम आपल्याला पाठ आहेत, ते कुणी सांगत नाही तरी पाळले जातात. सिनेमा शाळेच्या पटांगणावर किंवा पंचायतीच्या सभागृहात असावा. सगळ्या वाड्यांना निमंत्रण जावं, नुसता फळ्यावर कागद लावून चालणार नाही, कुणीतरी घरी जाऊन सांगायला हवं. ज्या माणसाला नाटकात कधी भूमिका मिळाली नाही, त्याला इथे पुढची खुर्ची मिळावी.

मुक्तिदिनाला, 19 डिसेंबरला, ख्वाजा अहमद अब्बास यांचा ‘सात हिंदुस्तानी’ लावा. 1969 चा, अमिताभ बच्चनचा पहिला सिनेमा. सिनेमा म्हणून तो ठिकठिकाणी कच्चा आहे. पण गोव्यात शिरून तिरंगा फडकवायला निघालेल्या सात जणांची गोष्ट पत्रादेवीच्या तालुक्यात बघण्याला वेगळा अर्थ आहे. 15 ऑगस्ट 1955 ला तिथे सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. पत्रादेवीच्या स्मारकावर दरवर्षी फुलं वाहणाऱ्या शाळकरी मुलांना त्या फुलांच्या मागची माणसं पडद्यावर बघू द्या.

थोडं कामाचं बोलते. फोनवर किंवा घरी सिनेमे बघण्यासाठी भरलेली वर्गणी म्हणजे जाहीर खेळाची परवानगी नव्हे. निर्मात्याला किंवा हक्क असलेल्या संस्थेला लेखी विचारा आणि मागतील ते मानधन द्या. गोव्यातला निर्माता लहान असतो, पेनड्राइव्हवर फिरणारी प्रत त्याच्या पोटावर पाय देते. नाटकाच्या नेपथ्याला आणि दिव्यांना आपण वर्गणी काढतो, तेवढ्यात हे सहज बसतं. प्रोजेक्टर बहुतेक शाळांत असतो. आवाजाकडे मात्र लक्ष द्या, लग्नातले भोंगे आणू नका. सिनेमाच्या आधी सत्कार, दीपप्रज्वलन, प्रमुख पाहुण्यांचं भाषण असलं काही ठेवू नका. नंतर चहा ठेवा आणि दिवे लागल्यावर लगेच उठू नका.

गोवा मनोरंजन संस्थेलाही या पत्रातून विनंती करते. 2004 पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, गोव्यात आहे. नोव्हेंबरमध्ये पणजीला जगभरचे सिनेमे येतात, 2025 मध्ये तर संतोष डावखर यांना ‘गोंधळ’साठी दिग्दर्शनाचा रौप्यमयूर मिळाला. पण रात्रीचा खेळ संपतो तेव्हा पेडण्याला परतायला बस नसते. मिरामारला उघड्यावर पडदा लावून सिनेमे दाखवले गेले, मडगावलाही खेळ झाले. तसाच पडदा तुयेला आणि साखळीच्या रवींद्र भवनात लागावा, आणि तो नोव्हेंबरपुरता नसावा. महोत्सवात दाखवलेल्या मराठी आणि कोंकणी सिनेमांची वर्षभर तालुक्यांतून फिरती करता येईल. तालुक्यातली मंडळं जागा आणि माणसं देतील.

असं करणारे आपण पहिले नाही. सत्यजित राय आणि त्यांच्या मित्रांनी 1947 मध्ये कलकत्त्यात फिल्म सोसायटी काढली तेव्हा ‘पथेर पांचाली’ यायला आठ वर्षं होती. मुंबईत प्रभात चित्र मंडळ 1968 पासून आहे. एकमेकांना सिनेमे दाखवणाऱ्या माणसांतूनच सिनेमा करणारी माणसं निघतात. पेडण्या-डिचोलीत नट आहेत, लेखक आहेत, गाणारे आहेत. पुढचा कॅमेरा आपल्याच एखाद्या वाड्यावरून निघू शकतो.

माझे आवडते सिनेमे मी सांगितले, आता तुमचे कळवा. गावच्या वाचनालयात एक वही ठेवा, ज्याला जो सिनेमा गावाने बघावा असं वाटतं त्याने तो लिहावा आणि कुणासाठी लिहिला तेही लिहावं. ‘आईसाठी’, ‘ट्रकवाल्यांसाठी’, ‘दहावीच्या मुलांसाठी’. त्यातून पुढची निवड करा. मला बोलवाल तिथे मी येईन आणि खाली चटईवर बसेन.

पहिल्या रात्रीसाठी माझं मत ‘पलतडचो मनीस’ला आहे. भाषा सगळ्यांना कळते, लांबी दीड तासाच्या आसपास आहे, म्हणजे जेवणं आटोपून बसलो तर बोलायलाही वेळ उरतो. दिवाळीनंतर पाऊस पूर्ण थांबलेला असेल. तारीख ठरवा आणि कळवा.

तुमची,
पेडण्याची लेक, डिचोलीची सून